‘कमवा आणि शिका’ची कुळकथा

महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ ही योजना चालते. तास संपले की विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत दोन-तीन तास काम करतो आणि तासाच्या दराने मोबदला घेतो. त्यातून मेसचे बिल निघते, कधी शुल्काचा हप्ता भागतो. विद्यापीठाच्या कागदोपत्री ही विद्यार्थी कल्याणाच्या अनेक योजनांपैकी एक आहे. वयाने मात्र ती इथल्या बहुतेक विद्यापीठांहून मोठी आहे, आणि तिची पाळेमुळे शोधत गेले की ती घरोघरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतात.

एकोणिसाव्या शतकात पुण्यासारख्या गावी शिकायला आलेल्या गरीब मुलाच्या जेवणाची सोय दोन रीतींनी होई. एक माधुकरी. मुलगा झोळी आणि वाटी घेऊन ठरलेल्या घरांसमोर उभा राही. कुणी भात घाली, कुणी भाकरी-पोळीचा तुकडा, आमटी वाटीत. बिऱ्हाडी परत येईपर्यंत चार घरांच्या चवी एक झालेल्या असत. दुसरी रीत वार लावून जेवण्याची. सात वारांना सात घरे, आणि त्या त्या दिवशी त्या घरच्या पंगतीला पान. ही रीत माधुकरीपेक्षा प्रतिष्ठेची मानली जाई, पण तिचाही भरवसा नसे. यजमान गावाला गेले, घरात सोयर-सुतक आले किंवा बाईंची मर्जी फिरली की तो वार कोरडा जाई. सातपैकी पाचच वार मिळालेल्या मुलाला उरलेले दोन दिवस चुरमुऱ्यांवर काढावे लागत. जेवणाच्या बदल्यात विहिरीचे पाणी भरणे, देवपूजा करणे, घरातल्या धाकट्यांचा अभ्यास घेणे अशी कामे आपसूक अंगावर येत. म्हणजे काम आणि अन्न यांची सांगड तेव्हाही होती. फक्त तिचा दर ठरलेला नव्हता आणि हिशेब यजमानाच्या हाती होता. घराला पुण्य लागे आणि मुलाच्या माथी उपकार बसे.

या व्यवस्थेचे दुसरे वैगुण्य त्याहून मोठे होते. माधुकरी आणि वार ही मुख्यतः ब्राह्मण मुलांची सोय होती. कुणब्याच्या किंवा धनगराच्या मुलाला पुण्या-सातारच्या वाड्यांत पान मांडले जाणे अवघड, महार-मांगांच्या मुलाला तर उंबरठाच बंद. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडला तरी शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, या प्रश्नाशी त्यांचे शिक्षण संपत असे. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे पुढच्या पुणे विद्यार्थी गृहाने, एकेकट्या मुलाची वणवण थांबवून त्यांना एका छपराखाली आणले. पुढे या संस्थेने छापखाना चालवला आणि मुद्रणाचे शिक्षणही दिले.

राहण्या-जेवणाच्या प्रश्नाला राज्यकर्त्याच्या ताकदीने हात घातला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा त्यांचा आधीचा प्रयत्न फसला होता. तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा झाला. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि त्याच सुमारास जैन बोर्डिंग. मग काही वर्षांतच मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशी रांग लागली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दरबाराने जागा आणि देणगी द्यायची, समाजाने वर्गणी काढून कारभार पाहायचा, असा साधारण शिरस्ता होता. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. पण ज्या समाजातला एकही मुलगा मॅट्रिकपर्यंत पोचला नव्हता त्याला आपल्या मुलांसाठी पैसा उभा करायला लावणे, हा त्या काळी चालू शकणारा मार्ग होता आणि तो चालला.

याच बोर्डिंगांतून ‘कमवा आणि शिका’चा कर्ता निघाला. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करायला त्यांनी नकार दिला आणि त्यावरून बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. शिक्षण अर्धवट राहिले. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले आणि शाळेबाहेर राहिलेली खेड्यातली पोरे त्यांनी जवळून पाहिली. दूधगावला १९१० च्या सुमारास सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू करण्यात त्यांचा हात होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली; १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यात आले. तिथल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

या बोर्डिंगचे वेगळेपण स्वयंपाकघरात दिसे. महार, मराठा, मुसलमान, जैन मुले एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकही आळीपाळीने तीच करत. दळणे, पाणी भरणे, लाकडे फोडणे, शेतात राबणे ही कामे पाळीने वाटलेली असत. नोकर ठेवायला पैसा नव्हता आणि ठेवायची इच्छाही नव्हती. गावोगाव मुष्टिफंड गोळा होई: जात्यावर बसताना बाईने मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढायचे. तेवढ्यावरही भागत नसे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मुलांच्या जेवणासाठी मोडले, शेवटी मंगळसूत्रही, हे रयतच्या इतिहासात वारंवार येते. त्या १९३० मध्ये वारल्या. संस्थेने बोधचिन्ह वडाचे घेतले आणि ब्रीद स्वावलंबी शिक्षणाचे.

इथे माधुकरीचा हिशेब उलटा झाला. धान्य अजून लोकांच्याच घरून येत होते, पण मूल कुणाच्या दाराशी उभे राहत नव्हते. धान्य संस्थेकडे येत होते आणि खाणारा हात आधी राबलेला असे. भाऊरावांच्या कामाची तुलना गांधीजींच्या नई तालीमशी नेहमी होते, पण दोन्हींत फरक आहे. नई तालीमच्या, म्हणजे वर्ध्याच्या १९३७ च्या योजनेत हस्तव्यवसाय हे शिकवण्याचे माध्यम होते, सूत कातता कातता गणित यायचे. साताऱ्यात शिक्षण नेहमीचेच, इंग्रजी-गणिताचे आणि परीक्षांचे. श्रम हे त्याचे मोल. ज्या घरांतून ही मुले येत त्यांना शेतीकाम शिकवण्याची गरज नव्हती. त्यांना हवी होती ती वकिलाची, मास्तराची, मामलेदाराची विद्या.

पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात रयतचे युनियन बोर्डिंग निघाले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ महाविद्यालयाच्या पातळीवर आली ती या कॉलेजात. तिथली मुले शेतात काम करत, खडी फोडत, बांधकामावर राबत आणि दुपारी शेक्सपिअर वाचत. भाऊरावांचे विद्यार्थी बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

एक गोष्ट मात्र घोषणेच्या आड राहते: विद्यार्थ्याच्या श्रमातून त्याचा खर्च कधीच पुरता निघाला नाही. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी काँग्रेस सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा ही गोष्ट उघडी पडली. शाळा तगल्या त्या लोकांच्या देणग्यांवर. अनुदान नंतर पुन्हा सुरू झाले. श्रमाने फेडली जात होती ती मुख्यतः मनावरची बाकी. मदत घेणाऱ्या मुलाला मान खाली घालावी लागू नये, ही या पद्धतीची खरी कमाई, आणि ती ताळेबंदात दिसत नाही. भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली, त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

याच सुमारास ही कल्पना रयतच्या आवाराबाहेर गेली. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यातून आलेल्या मुलांना अल्प खर्चात निवास-भोजन दिले आणि वसतिगृहातली कामे त्यांनाच वाटून दिली. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरू, इतिहासकार आप्पासाहेब पवार यांनी तिथे योजनेला खास वसतिगृहासह जागा दिली; पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुले विद्यापीठाच्याच विभागांत काम करून राहण्या-जेवणाचा खर्च भागवू लागली. पुणे विद्यापीठाच्या योजनेला तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव आहे, आणि ती संलग्न महाविद्यालयांतही राबवली जाते.

विद्यापीठात आल्यावर योजनेचे रूप पालटले. पाळी जाऊन तास आले, जेवण जाऊन मानधन आले, आणि फावड्याच्या जागी बहुधा फाइल किंवा संगणक आला. विभागप्रमुख हजेरीपत्रकावर सही करतो आणि महिन्याकाठी रक्कम बँकेत जमा होते. मुलींची संख्या वाढली, हा चांगला बदल. साताऱ्याच्या जुन्या बोर्डिंगात मुलगे राबत. पण एकाच कामाला कुणी शिक्षण म्हणतो, कुणी स्वस्त मजुरी, आणि विभागात शिपायाची जागा रिकामी असली की दुसरे म्हणणे खरे ठरण्याची शक्यता वाढते. मानधनाचा दर महागाईच्या मागे पडतो, ही विद्यार्थी संघटनांची जुनी तक्रार आहे.

दरम्यान सरकारची थेट मदतही वाढत गेली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना मिळालेली ईबीसी सवलत शुल्कापुरती होती. राहण्या-जेवणाचा वाटा नंतर आला: २०१६ च्या सुमारास डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाल्या. स्वाधारमध्ये सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला शहराच्या आकारानुसार वर्षाला ठरावीक रक्कम, मोठ्या शहरांत ६० हजार रुपयांपर्यंत, खात्यावर मिळते. या पैशासाठी काम करावे लागत नाही. मात्र तो अनेकदा वर्ष सरताना हाती पडतो आणि खानावळवाला तोवर थांबत नाही. तो मधला काळ आजही पुष्कळ मुले ‘कमवा आणि शिका’च्या मानधनावर काढतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आणि त्याचा संचालक यांची तरतूद केली. त्याआधी हे काम ‘विद्यार्थी कल्याण’ या नावाने चाले. युवक महोत्सवापासून विमा योजनेपर्यंत आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपर्यंत अनेक कामे या मंडळाकडे येतात. ‘कमवा आणि शिका’चे अर्जही तिथेच भरले जातात, दर वर्षी प्रवेश संपल्यावर.