जेन्सन यांची युक्ति

गणकयंत्रास कामें सांगण्यासाठीं विसाव्या शतकांत ज्या कृत्रिम भाषा जन्मास आल्या, त्यांत ‘आल्गोल ६०’ या भाषेचा मान मोठा. १९६० च्या जानेवारींत पॅरिस येथें युरोप-अमेरिकेंतील तेरा विद्वानांनीं तिचे नियम ठरविले आणि डेन्मार्कचे पीटर नाउर यांनीं ते संपादिले. त्यांतील एका नियमाच्या पोटांत बरेंच कांहीं दडलें होतें.

यंत्रास नेमून दिलेल्या एखाद्या कृतीच्या हातीं राशि द्यावयाची, तर तिच्या दोन तऱ्हा. पहिली रोकड देण्याची. आंकडा ठरला, व्यवहार संपला. दुसरी चिठ्ठी देण्याची. चिठ्ठींत आंकडा नसतो, तो काढण्याची रीत असते. घेणारा जितक्या वेळां ती उघडील तितक्या वेळां हिशेब नव्यानें होतो. नवल असें कीं, वेगळें कांहीं न सांगितल्यास आल्गोल ही दुसरीच तऱ्हा धरून चाले.

कोपनहेगनच्या रेग्नेसेंट्रालेन संस्थेंत नाउर यांचे सहकारी असलेले यर्न जेन्सन यांच्या नांवानें ओळखली जाणारी युक्ति या चिठ्ठीवरच उभी आहे. बेरजेची एकच कृति लिहावयाची; तिला ‘क’ हें चल आणि ‘क’ असलेलें एक पद, अशा दोन चिठ्ठ्या द्यावयाच्या. कृति ‘क’ एकेकानें वाढवीत जाते आणि दर वेळीं पदाची चिठ्ठी उघडते. पद ‘क गुणिले क’ असेल, तर १ ते १०० पर्यंतच्या वर्गांची बेरीज ३,३८,३५० येते. पद ‘१ भागिले क’ केलें कीं तीच कृति, आंतील एक अक्षर न बदलतां, सुमारें ५.१९ हें उत्तर देते. बेरजेच्या पोटांत दुसरी बेरीज ठेवली, तर उभ्या-आडव्या कोष्टकांतील सारे आंकडे मिळविले जातात!

परंतु हीच चिठ्ठी घातहि करी. ‘क’ मध्यें २ आहे आणि एका ओळीच्या दुसऱ्या घरांत ५ आहे. ‘क’ आणि ‘ओळीचें क-वें घर’ यांची अदलाबदल करावयाची आहे. कृतीनें २ बाजूस जपून ठेवला व ‘क’ मध्यें ५ घातला. आतां २ क-व्या घरांत ठेवावयाचा, म्हणून चिठ्ठी पुन्हां उघडली. तों ‘क’ झालेला ५, आणि २ जाऊन पडला पांचव्या घरांत. तेथला आंकडा पुसला गेला, दुसरें घर तसेंच राहिलें. शब्द न् शब्द नियमास धरून. चूक शोधावी तरी कोठें?

यंत्रासहि चिठ्ठी स्वस्त नव्हती. प्रत्येक चिठ्ठीमागें एक छोटी उपकृति उभारावी लागे. इंगरमन यांनीं १९६१ मध्यें ‘थंक’ या मोठ्या मौजेच्या नांवानें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९७० मध्यें निकलाउस विर्थ यांनीं आपल्या पास्कल भाषेंतून ही तऱ्हाच गाळली. १९९० च्या हॅस्केल भाषेंत चिठ्ठी परतली. मात्र तेथें ती एकदां उघडली कीं आलेला आंकडा सामान्यतः जपून ठेवतात, आणि ठरलेली राशि पुढें बदलत नसल्यानें चिठ्ठीखालचा अर्थ सरकत नाहीं. थंक हें नांव मात्र तेथें अजून चालतें.