समोरचा श्रोता



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण आपल्याला प्रथम होते. संगीताचा इतिहासही आपण बहुधा तशाच रीतीने लिहीत आलो आहोत. अमुक घराणे, त्याचा मूळपुरुष, त्याचे शिष्य, त्यांच्या चिजा, अशी ती वंशावळ असते. परंतु ज्याच्यापुढे हे सर्व गायिले गेले तो श्रोता कोण होता, तो कोठे बसत होता, तो काय देत होता आणि काय मागत होता, याचा विचार फारसा झालेला नाही. मैफल ही एकट्या गवयाने होत नाही. तंबोरा, तबला आणि पेटी यांच्याइतकाच समोर बसलेला श्रोताही गवयाचा साथीदार असतो. या साथीदाराची हकीकत आज आपण आपल्या वऱ्हाडाच्या आणि विशेषतः बुलढाणा जिल्ह्याच्या अंगणात उभे राहून पाहू.

आरंभ देवळापासूनच केला पाहिजे. आपल्या भागात नाटकगृह नव्हते, दरबार नव्हता, तेव्हाही कीर्तन होते. पूर्वरंगात निरूपण, मध्ये नामघोष आणि उत्तररंगात आख्यान, ही नारदीय कीर्तनाची घडण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. या घडणीत श्रोत्याला जागा राखून ठेवलेली आहे. बुवांनी भजन धरले की सभेने ते उचलावयाचे, ही तेथील रीत होय. शेगावची एक कथा सर्वश्रुत आहे. गोविंदबुवा टाकळीकर तेथील महादेवाच्या देवळात कीर्तन करीत होते. निरूपणासाठी त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधातील हंसगीतेचा पूर्वार्ध म्हटला, आणि देवळाबाहेर बसलेल्या गजानन महाराजांनी त्याचा उत्तरार्ध म्हणून दाखविला. बुवा चकित झाले. दासगणूंनी आपल्या ग्रंथात हा प्रसंग भक्तिभावाने वर्णिला आहे. भाविक त्यात महाराजांचा अधिकार पाहतात, आणि ते योग्यच आहे. आम्हाला येथे त्यातील आणखी एक गोष्ट दाखवावयाची आहे. व्यासपीठावरील माणसाने अर्धे म्हणावे आणि उरलेले अर्धे पूर्ण करणारा कोणी तरी सभेत, नव्हे सभेबाहेरही, असावा, ही आपल्या लोकांची श्रोत्याविषयीची कल्पना होती.

देवळातून दरबाराकडे वळलो की चित्र पालटते. दरबारात जाणकारी होती, परंतु तेथे श्रोता हा धनी होता आणि गवई हा चाकर होता. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी शिकत होते तेव्हाची एक हकीकत त्यांच्या चरित्रात सांगतात. गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण विचारता, ते तर गवई, त्यांना कशाला बोलवावयाचे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. हा घाव त्यांच्या मनाला खोल लागला. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि देशभर संचार सुरू केला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. राजाश्रयावाचून, वाटेवरच्या सामान्य माणसासाठी केलेल्या गायनाचा हा आपल्याकडील अगदी आरंभीचा प्रयोग समजला जातो. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले.

तिकीट ही गोष्ट आज आपल्याला क्षुल्लक वाटते. पण तिचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बक्षीस देणारा उंच आसनावर असतो आणि घेणारा खाली वाकतो. तिकीट काढणारा मात्र गवयाशी बरोबरीच्या नात्याने व्यवहार करतो. चार आणे देणाऱ्याला ऐकण्याचा हक्क मिळाला, आणि गवयाला मान ताठ ठेवून गाण्याचा. हिराबाई बडोदेकरांनी स्त्रियांच्या बाबतीत हीच वाट मोकळी केली. गाणाऱ्या स्त्रीकडे समाज ज्या नजरेने पाही ती नजर बदलण्याचे काम त्यांच्या शालीन बैठकीने आणि तिकीट लावून केलेल्या जाहीर गायनाने केले. श्रोत्यांच्या रांगेत कुटुंबवत्सल स्त्रिया येऊन बसू लागल्या, हे काही केवळ सुरांचे यश नव्हे. ते समाजाचे पाऊल होते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण कापसाने घडविली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि १८७० साली जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला. तो घातला गेला कापसाच्या गाठींसाठी. परंतु ज्या मार्गाने गाठी गेल्या त्याच मार्गाने नाटक मंडळ्या आल्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. कपाशीचा पैसा हाती आलेला वऱ्हाडी रसिक हा पुढे या मंडळ्यांचा मोठा आधार ठरला.

हा नवा श्रोता दरबारासारखा अबोल नव्हता. तो वन्समोअर देई. एकच पद पुनःपुन्हा मागितले जाई आणि प्रत्येक वेळी नटाने ते नव्या अंगाने मांडावे अशी अपेक्षा असे. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेला टेकावे, हा नेहमीचा प्रकार होता. ध्वनिक्षेपक नव्हता. मागल्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावयाचा तो छातीच्या बळावरच. रामभाऊ कुंदगोळकर यांचा आवाज तापावयाला वेळ लागे. पण एकदा तो लागला की मग सभा भारून जाई. त्यांना 'सवाई गंधर्व' ही पदवी मिळाली ती आपल्या शेजारच्या अमरावतीस, दादासाहेब खापर्डे यांच्या मुखातून. म्हणजे ज्या नावाने आज पुण्याचा महोत्सव गाजतो ते नाव एका वऱ्हाडी श्रोत्याने दिलेले आहे. आवाज तापेपर्यंत थांबण्याचा धीर ज्या सभेपाशी होता, तिलाच अशी पदवी देण्याचा अधिकार होता, असे आम्हाला वाटते.

श्रोत्यांचे हे प्रेम कलावंताला किती महाग पडे, याचेही उदाहरण दिले पाहिजे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीतील लोकांना वाटणे स्वाभाविक होते. पण लोक तिकिटे काढून आले आहेत, त्यांचा विरस होता कामा नये, या भावनेने बालगंधर्व भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले. या प्रसंगाचे आपण कौतुक करतो. तथापि कौतुक करताना क्षणभर थांबून असेही म्हणावेसे वाटते की, ज्याच्यासाठी माणूस आपले दुःख असे गिळतो, त्या श्रोत्यावर काही जबाबदारी येते की नाही? तिकिटाचे पैसे दिले म्हणजे हे ऋण फिटले काय?

हे नाते असे रंगात आले असतानाच यंत्र मध्ये आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. गाणे संपताच ती स्वतःचे नाव इंग्रजीत सांगे, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि गाणे कोणाचे हे तेथील कारागिरांना कळावे लागे. गवयाच्या पुढे आता माणूस नव्हता, कर्णा होता. त्या कर्ण्यात तोंड घालून, अवघ्या तीन मिनिटांत राग उभा करून संपवावयाचा. आवाज तापण्याची वाट कर्णा पाहत नाही आणि समेवर मानही डोलवीत नाही.

तरीही यंत्राची निंदा करून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. निदान बुलढाणा जिल्ह्याने तरी ती करू नये. शेंदुर्जन येथे २१ ऑगस्ट १९०९ रोजी जन्मलेले आणि पुढे मेहकरास वकिली केलेले कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गो. ना. जोशी यांनी चाल लावून गायिली. १९३२ साली तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक अभ्यासक तेथूनच करतात. पैनगंगेच्या काठच्या एका तरुणाची कविता, जी हस्तलिखितात किंवा मासिकाच्या पानात राहिली असती, ती घराघरांत गेली. 'शीळ' हा काव्यसंग्रह पुस्तकरूपाने निघाला तो १९५४ साली, म्हणजे तबकडीनंतर बावीस वर्षांनी! कविता वाचकाच्या आधी श्रोत्याला भेटली. हे दान यंत्राचे आहे आणि ते आपण कृतज्ञतेने मानले पाहिजे.

परंतु गाणाराचे काय? बालगंधर्वांचेच पुढचे उदाहरण पाहा. बोलपट आल्यावर नाटकाचे दिवस फिरले. १९३५ साली त्यांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटात एकनाथांची भूमिका केली. धन होते, सोय होती, रोजच्या जागरणातून सुटका होती. तरी ते त्यात रमले नाहीत. ज्यांच्या डोळ्यांकडे पाहून सूर सुचावयाचे ते डोळेच तेथे नव्हते. ते पुन्हा रंगभूमीकडे आले, उतरत्या काळात, घटत्या प्रेक्षकांपुढे. व्यवहाराच्या हिशेबाने हा निर्णय चुकलाच असेल. पण गवयाला श्रोता कशासाठी हवा असतो, याचे याहून स्वच्छ उत्तर आम्हाला इतिहासात सापडत नाही. तो केवळ टाळ्यांसाठी नको असतो. पुढची जागा कोठे घ्यावी हे समोरच्या चेहऱ्यावरून कळते, यासाठी तो हवा असतो.

आणि आश्चर्य असे की, यंत्रातून पसरलेले गाणेही शेवटी माणसांच्या शोधात बाहेर पडलेच. आपल्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरला जन्मलेल्या कवी अनिलांचे 'गगनि उगवला सायंतारा' गजानन वाटव्यांनी गायिले, आणि वाटवे गणेशोत्सवात चौकाचौकांतून उघड्यावर भावगीते गाऊ लागले तेव्हा रस्ते माणसांनी भरून गेले. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' सुरू झाले. त्याची ५६ गीते लोकांनी घरोघरी ऐकली. इतके ऐकून झाल्यावर त्याचे कुतूहल संपावयास हवे होते. घडले ते उलटे. तेच गीतरामायण सुधीर फडके प्रत्यक्ष गाताना ऐकावे म्हणून गावोगावी लोक जमले आणि पुढे कित्येक वर्षे जमत राहिले. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी पुण्यात त्यांच्या नावाने संगीताचा उत्सव सुरू केला. गुरूची तबकडी लावून स्मृती करणे सोपे होते. शिष्याने मात्र श्रोते गोळा केले.

या सर्व हकीकतीवरून एक गोष्ट आम्हाला निश्चित वाटते. यंत्र गाणे साठविते आणि पोहोचविते, पण गाणे घडते ते दोघांत. पूर्वी कर्णा आणि तबकडी होती, नंतर आकाशवाणी आली, आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. जगातला कोणताही गवई बोटाच्या एका स्पर्शाने मेहकरात, चिखलीत किंवा मलकापुरात गाऊ लागतो. ही समृद्धी मोठी आहे. परंतु तिच्यामुळे एक धोका उत्पन्न झाला आहे, आणि तो लहान गावांना अधिक आहे. ज्या गावाला सर्व गाणे बाहेरून तयार मिळते, त्या गावातल्या गाणाऱ्या मुलाने कोणासमोर बसून गावे? त्याच्या चुकीला कोणी मान खाली घालावी आणि त्याच्या चांगल्या जागेला कोणी 'वा' म्हणावे? पुण्यामुंबईचा श्रोता ते काम आपल्यासाठी करणार नाही. गावातल्या गवयाला गावातलाच श्रोता लागतो.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा छापखाने होते, वर्तमानपत्रे होती. तरीही माणसांनी एकत्र बसून ऐकावे याची गरज त्यांना वाटली. तीच गरज आज येथे आपणां सर्वांना घेऊन आली आहे. मग हेच आसन गाण्यासाठीही अधूनमधून मांडले जावे, एवढीच आमची विनंती आहे. त्यासाठी मोठे नाटकगृह लागत नाही. देवळाचा सभामंडप किंवा शाळेची पडवी पुरते. वेळेवर यावे, तिकीट असेल तर ते काढावे, आवाज तापेपर्यंत थांबावे, मधूनच उठू नये, आणि आवडले तर मोकळेपणाने दाद द्यावी. हे कर्तव्य साधे आहे, पण त्यात कसूर झाली की गाणे मुके होते.

शेगावच्या त्या रात्री अर्धा श्लोक देवळात म्हटला गेला आणि अर्धा बाहेरून आला. आमच्या जिल्ह्यातले पुढचे गाणेही पूर्वार्ध म्हणून थांबेल आणि बाहेरच्या अंधाराकडे कान देईल. त्याला उत्तरार्ध देणारे कोणी तरी तेथे असावे, एवढे आपण पाहू या.