विदूषकाचे क्रौर्य

कॉमिक्समधला खलनायक आधी हास्यास्पद होता, पुढे काळवंडला, असे सर्रास मानले जाते. जोकरचा इतिहास वेगळे सांगतो. १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात तो थंडपणे माणसे मारतो. त्याचे खोडकर रूप हळूहळू आकारले. १९५४च्या कॉमिक्स कोडने ते पक्के केले आणि १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेने घरोघरी नेले. १९७१मध्ये कोड सैलावला. १९७३मध्ये डेनिस ओनील आणि नील अ‍ॅडम्स यांनी मूळचा खुनी परत आणला. १९८८च्या ‘द किलिंग जोक’ने त्याला वेदनेचा संदिग्ध भूतकाळ दिला, पण त्याच कथेत बार्बरा गॉर्डन गोळी लागून अपंग होते. तेव्हा काळोखालाच प्रौढत्व म्हणण्याआधी विचारावे लागते : खलनायकाच्या या खोलीची किंमत कोणी मोजली?