आज्याची बैलजोडी अन् जुना फेरफार

आमच्या घरात लहानपणापासून एकच ऐकत आलो, की मळ्याची जमीन आज्याने बैलजोडी विकून विकत घेतली. मागच्या उन्हाळ्यात वाटणीसाठी जुने कागद काढले, तेव्हा खरं काय ते कळलं.

सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार नंबर असतात. ते धरून मागं मागं जायचं. आमचा माग गट नंबरापाशी तुटला. १९४७ च्या कायद्याने पुढं एकत्रीकरण झालं अन् सर्व्हे नंबरांचे गट झाले. एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर काढला, मग तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफार सापडला.

आज्या त्या जमिनीचा कूळ होता! कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला तो मालक मानला गेला. जमिनीची किंमत ठरली, ती हप्त्याने भरली, मग ३२ म चं सर्टिफिकेट मिळालं. बैलजोडी त्या हप्त्यापायीच गेली असावी. म्हणजे घरची गोष्ट अगदीच खोटी नव्हती.

चुलते म्हणाले, कूळ होतो हे कुणाला सांगू नको. मी म्हणतो, लाज कशाची? दुसऱ्याच्या रानात घाम गाळला म्हणून तर आज आपलं रान आहे.

त्याआधीचे कागद मोडीत निघाले. ते जाणकाराकडून वाचून घेतोय. तुम्हीबी घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर गोष्टी लिहून ठेवा, अन् फेरफाराशी ताडून बघा.