भावाच्या तोंडून बोलणारे भूत

जबलपूरच्या मराठी वाचकाला दोन परंपरा सारख्याच घरच्या असतात. नवरात्रात गोविंदगंजच्या रामलीलेत त्याला तुळशीदासांचे रामायण भेटते आणि घरच्या टीव्हीवर मराठी मालिका. १९५६ साली जुन्या मध्य प्रदेशाची विभागणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. पण घरातली भाषा काही सीमारेषेबरोबर सरकली नाही. ज्या विषयाची ओळख येथे करून द्यायची आहे तो या दोन परंपरांच्या सांध्यावरचा आहे. एखादी अमानवी शक्ती माणसाच्या मनाचा ताबा घेते तेव्हा भावाभावांत दबून राहिलेले काय काय बाहेर पडते, आणि दूरचित्रवाणीवरच्या नाटकाला या प्रसंगाची इतकी गरज का पडते, हा तो विषय.

भुताखेतांच्या मालिका आणि अभ्यास हे शब्द एकत्र पाहून कुणी हसले तर त्यात वावगे काही नाही. पण वाचकांनी आपल्या घरांची रीत क्षणभर आठवावी. थोरला भाऊ वडिलांच्या जागी. धाकट्याने त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही. वाटणी, आईचे आजारपण, गावच्या घराची डागडुजी यांविषयी मनात साठलेले असते, पण बोलायची सोय नसते. अंगात आले की ती सोय होते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक्स्टॅटिक रिलिजन’ या ग्रंथात झपाटण्याच्या काही प्रकारांकडे दुर्बळांनी आडमार्गाने नोंदवलेली तक्रार म्हणून पाहिले. त्यांची उदाहरणे प्रामुख्याने स्त्रियांची आहेत. मालिकांत ही जागा बरेचदा धाकट्या भावाला मिळते, आणि लुईस यांचे म्हणणे तिथेही लागू पडते असे मला वाटते.

आपल्याकडे याची मुळे खोल आहेत. वाल्मीकींच्या मंथरेला कुणी फितवावे लागत नाही. तुळशीदास मात्र देवांच्या विनंतीवरून सरस्वतीकडून तिची बुद्धी फिरवून घेतात. (रामानंद सागर यांच्या १९८७च्या मालिकेत ही मंथरा आपल्या ललिता पवार यांनी केली, हे मराठी वाचक विसरणार नाहीत.) गंमत अशी की बुद्धी फिरवली मंथरेची, पण भरताविषयीचा संशय उसळला तो लक्ष्मणाच्या मनात, चित्रकूटावर. भरत सैन्यासह येतो आहे हे पाहताच तो लढाईच्या गोष्टी बोलू लागला. त्याच्यावर कुणी मंत्र टाकला नव्हता.

तरीही या विषयाचा मूळ ग्रंथ कोणता असे विचाराल, तर मी महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानाकडे बोट दाखवीन. मराठीत रघुनाथ पंडितांमुळे नल-दमयंती परिचयाची आहेत, पण त्यांचे स्वयंवर आणि हंस यांतच आपण रमतो. पुढचा भाग भावांचा आहे. कली बारा वर्षे संधीची वाट पाहतो. एके दिवशी नल पाय न धुता संध्येला बसतो आणि कली त्याच्यात शिरतो. मग तोच कली नलाच्या भावाकडे, पुष्कराकडे जातो आणि त्याला द्यूत खेळायला सुचवतो. येथे वाचकांनी थांबावे. नलाला झपाटावे लागले. पुष्कराला नुसते सुचवणे पुरले. राज्याची इच्छा त्याच्या मनात आधीच होती, कलीने फक्त दार उघडले. नल सर्वस्व हरून एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. पुढे परत येऊन एकाच डावात सारे जिंकतो, आणि भावाला म्हणतो की हे कृत्य तुझे नव्हते, कलीचे होते. त्याचा वाटा देऊन त्याला सन्मानाने घरी पाठवतो.

या क्षमेत सगळे तंत्र आहे. दोष भुतावर ढकलला की भावाला पुन्हा जवळ घेता येते आणि बोललेले शब्दही वाया जात नाहीत. शिवाय ही कथा बृहदश्व ऋषी कुणाला सांगतात तेही पाहावे: भावांना पणाला लावून हरलेल्या युधिष्ठिराला, भीम त्याला त्यावरून बोल लावत असताना. युधिष्ठिराच्या अंगात कली नव्हता, म्हणून भीमाला राग गिळावाच लागला.

हेच तंत्र आजच्या पडद्यावर पाहायचे तर ‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकी मालिका (२००५ ते २०२०) सोयीची आहे. सॅम आणि डीन हे विंचेस्टर बंधू भुतांचा माग काढत फिरतात. पहिल्या पर्वातल्या ‘असायलम’ या भागात एका मनोरुग्णालयातल्या डॉक्टरचे भूत धाकट्या सॅमचा राग भडकवते आणि तो भावावर बंदूक रोखतो. बापाच्या आज्ञेत राहणाऱ्या थोरल्याविषयीची जुनी चीड तेव्हा बाहेर येते. डीन स्वतःचे पिस्तूल त्याच्या हाती देतो आणि सॅम चाप ओढतो. पिस्तूल रिकामे असते. थोरल्याने आधीच ओळखले होते. चौथ्या पर्वात एक मायावी जीव दोघांनाही मोहवून एकमेकांवर घालतो. सुंद-उपसुंद आणि तिलोत्तमा यांची कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. दोन्ही भागांच्या शेवटी भाऊ जे झाले त्यावर धड बोलत नाहीत. नल निदान स्पष्ट बोलला होता. या बाबतीत आपले आख्यान सरस आहे असे मी बिनदिक्कत म्हणेन.

मराठीत या विषयाचे हक्काचे उदाहरण म्हणजे २०१६ साली झी मराठीवर सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि माधव, दत्ता, अभिराम हे तीन भाऊ. जबलपूरच्या कानाला तिची मालवणी सुरुवातीला परकी वाटेल. दोन-चार भागांत कान बसतो. ती पाहण्याआधी महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) जरूर वाचा. तिथेही वडील गेले आहेत, मुंबईचा भाऊ सुधीर गावी आला आहे, थोरला भास्कर वाड्यात आहे आणि धाकटा चंदू मुकाट राबतो आहे. भूत मात्र कुठेच नाही. त्यामुळे जे बोलायचे ते या माणसांना स्वतःच्याच तोंडाने बोलावे लागते, किंवा चंदूसारखे गिळावे लागते. दोन्ही कलाकृती शेजारी ठेवल्या की मालिकेतल्या भुताचे काम काय ते लख्ख दिसते.

अशा मालिका अंधश्रद्धा वाढवतात हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये केला तो उगाच नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना मारहाण होते. म्हणूनच भूत खरे की खोटे यात अडकून न पडता ते कुणाचा राग बोलते आहे, हे विचारणारा प्रेक्षक तयार व्हायला हवा.

पद्धत सोपी आहे. झपाटण्याचा प्रसंग आला की तुम्ही मालिका मागे न्या आणि आधीच्या काही भागांत तो भाऊ कुठे बोलता बोलता गप्प झाला होता ते टिपून ठेवा. मग शुद्धीवर आल्यावर घरच्यांनी त्याचे कोणते बोलणे मनावर घेतले आणि कोणते भुताच्या खाती टाकले, तेही लिहा. आरंभ नलोपाख्यानापासून करावा, मग ‘वाडा चिरेबंदी’, आणि मालिका सर्वांत शेवटी.