१८४९ची यादी आणि फिलिपिनो आडनावं

फिलिपिन्सच्या आल्बाय प्रांतात ओआस नावाचं गाव आहे. तिथली जुनी घराणी पाहत गेलं की रोआ, रेबुरियानो, रेबाहांते अशी ‘आर’ अक्षरानं सुरू होणारी आडनावं एकामागून एक भेटतात. जवळच्या पोलांगी आणि लिबोन या गावांत ‘एस’चा भरणा. रोम्ब्लोन प्रांतातलं बांतोन बेट ‘एफ’चं: फेस्तिन, फायगाओ, फाबेल्या. एकमेकांशी नातं नसलेली घरं एकाच अक्षराखाली गोळा झाली, त्याला कारण एक सरकारी यादी आहे.

स्पॅनिश सत्ता येण्याआधी या बेटांवर आडनाव नव्हतं. माणसाला एकच नाव असे आणि ते बहुधा आई ठेवी. येशूसंघी पाद्री पेद्रो चिरिनो यांनी १६०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही पद्धत नोंदवली आहे. बाळंतपण अवघड गेलं तर मूल ‘मालिवाग’, अंगानं धट्टंकट्टं असेल तर ‘मालाकास’. पुढे मूल झालं की आईबाप त्याच्या नावानं ओळखले जात. आपल्या खेड्यांत ‘बाळूची आई’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. नाव वरून खाली येत नसे, मुलाकडून आईबापाकडे जाई.

१५६५ पासून स्पॅनिश अंमल सुरू झाला आणि बाप्तिस्म्याबरोबर संतांची नावं आली. गोव्यात धर्मांतराबरोबर पोर्तुगीज आडनावही मिळे, बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं. फिलिपिन्समध्ये मात्र तसा नियम बसला नाही. ज्याला जे पवित्र वाटलं ते त्यानं नावापुढे लावलं: दे ला क्रूझ, दे लोस सांतोस, देल रोझारियो. सख्ख्या भावांची आडनावं निरनिराळी आणि शेजारच्या परक्या माणसाचं आडनाव आपल्यासारखंच, अशी स्थिती जवळपास तीनशे वर्षं राहिली. लोकांचं त्यात काही अडलं नाही. अडलं ते सरकारचं. त्रिबुतो हा कर कोणाकडून घ्यायचा, वेठीला कोणाला धरायचं, खटल्यातला आरोपी नेमका कोण, लग्न ठरलेली दोघं जवळच्या नात्यातली तर नाहीत, यांपैकी कशाचाच नीट पत्ता लागेना.

१८४४ मध्ये नार्सिसो क्लावेरिया गव्हर्नर-जनरल म्हणून आले. नोंदी आणि हिशेब चोख हवेत असा त्यांचा कटाक्ष होता. मेक्सिकोमार्गे आलेल्या स्पॅनिश लोकांमुळे मनिलाचं कॅलेंडर आशियाच्या एक दिवस मागे चालत असे. क्लावेरियांनी ३१ डिसेंबर १८४४ हा दिवसच वगळला. मनिलात ३० डिसेंबरनंतर थेट १ जानेवारी १८४५ उजाडला. हाच प्रशासक प्रांतोप्रांती फिरला, तेव्हा घराण्याची ओळख सांगणारी आडनावंच नाहीत हे त्याला खटकलं. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी त्यानं हुकूम काढला.

हुकमासोबत ‘कातालोगो आल्फाबेतिको दे आपेयिदोस’ होतं. त्यात सुमारे ६०,००० आडनावं वर्णानुक्रमानं छापलेली होती. प्रांताधिकाऱ्यानं या यादीचे भाग गावोगाव वाटले. गावात पाद्री, गोबेर्नादोर्सियो म्हणजे गावचा मुख्य आणि दोन प्रतिष्ठित मंडळी बसत. प्रत्येक बारांगायचा, म्हणजे गावातल्या वस्तीचा, प्रमुख आपली माणसं घेऊन येई आणि कुटुंबातला बाप किंवा वडीलधारा यादीतून एक आडनाव उचली, किंवा त्याला ते नेमून दिलं जाई. तेच त्याच्या साऱ्या वंशाला लागू. चार पिढ्या एकच आडनाव चालवल्याचं दाखवता आलं तर ते ठेवायची मुभा होती. शाळामास्तरांना मुलांच्या नावा-आडनावांचं रजिस्टर ठेवावं लागे आणि मुलांनी एकमेकांना त्याच आडनावानं ओळखावं याकडे लक्ष द्यावं लागे.

आल्बायमध्ये वाटप इतकं क्रमवार झालं की मुळाक्षरं नकाशावर वाचता येतात. प्रांताच्या राजधानीपासून ‘ए’, दारागाला ‘एम’, तिथून पुढे लिबोनला पोचेपर्यंत ‘एस’, आणि उरलेली अक्षरं कातांदुआनेस बेटावर.

ही यादी केवळ स्पॅनिश नावांची होती असं मात्र नाही. झाडं, प्राणी, खनिजं, गुण यांचे स्थानिक भाषांतले शब्दही तीत होते. दालिसाय, पांगानिबान, माग्सायसाय ही आडनावं तागालोग शब्दांची आहेत. चिनी वस्तीची खूण निराळी: कोहुआंग्को, तानहुआत्को यांतला शेवटचा ‘को’ हा होक्किएन भाषेत थोरल्या भावासाठी आदरानं लावतात तो शब्द.

फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांच्या घराण्याचा इतिहास यात सगळ्यांत बोलका आहे. त्यांचे पूर्वज दोमिंगो लाम्को हे सतराव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या फुजिअन प्रांतातून आले आणि पुढे घराण्यानं ‘मेर्कादो’ हे आडनाव घेतलं. क्लावेरियांच्या हुकमानंतर त्याला ‘रिझाल’ जोडलं गेलं. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी फादर बुर्गोस आणि आणखी दोन पाद्र्यांना बंडाच्या आरोपावरून मृत्युदंड झाला. होसे यांचे थोरले बंधू पासियानो हे बुर्गोस यांच्या जवळचे, त्यामुळे ‘मेर्कादो’ हे आडनाव सरकारच्या नजरेत आलेलं. त्याच वर्षी धाकट्याला मनिलाच्या आतेनेओ शाळेत घालताना ‘रिझाल’ हे आडनाव लावलं गेलं. करवसुली सोपी व्हावी म्हणून आलेल्या व्यवस्थेतलं ते आडनाव एका मुलाचं संरक्षण झालं, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारनं त्याला गोळ्या घातल्यावर तेच सत्तेविरुद्धचं नाव ठरलं.

१८९८ नंतर स्पॅनिशांच्या जागी अमेरिकन आले आणि नावाची मांडणी बदलली. स्पॅनिश रीतीत आधी वडिलांचं आडनाव, मग आईचं. अमेरिकन रीतीनं आईचं आडनाव मधल्या नावाच्या जागी आलं आणि वडिलांचं शेवटी गेलं. आजही हीच रीत आहे. कोर्दिलेरा डोंगरातले इगोरोत आणि सुलू-मिंदानावचे मुस्लिम स्पॅनिश सत्तेला पुरते कधीच वश झाले नाहीत, म्हणून त्यांची पारंपरिक नावं बरीचशी या यादीबाहेर राहिली.

मुंबई-गोव्याच्या कितीतरी खलाशांना जहाजावर फिलिपिनो सोबती भेटतात. रेयेस किंवा गार्सिया ऐकून ‘तुमच्यात स्पॅनिश रक्त असणार’ असं चटकन म्हटलं जातं. ते म्हणू नये. त्या आडनावानं बहुधा एवढंच कळतं की त्याच्या खापरपणजोबाला सरकारपुढे उभं राहून एक शब्द घ्यावा लागला. तो शब्द त्यानं आणि त्याच्या वंशजांनी कष्टानं, लढ्यानं आपला केला. म्हणून ते आडनाव स्पेनचं नाही, फिलिपिनो माणसाचं आहे.