लोखंड दुरून ओळखताना

'निअर शूमेकर' हे यान उतरण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. इरॉस या लघुग्रहाभोवती वर्षभर घिरट्या घालून झाल्यावर, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, नियंत्रकांनी त्याला अलगद खाली सोडलं. माणूस झपाझप चालतो साधारण त्या वेगाने ते जमिनीला टेकलं, आणि त्याचे संदेश चक्क येतच राहिले.

कॅमेऱ्याचा आता उपयोग नव्हता. नशीब उघडलं ते गॅमा किरण मापकाचं.

लघुग्रहाच्या अंगावर हवेचं पांघरूण नसतं. अवकाशातून येणारे वैश्विक किरण थेट दगडावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, ते शेजारच्या अणूंना डिवचतात. डिवचलेला अणू शांत होताना गॅमा किरण सोडतो आणि त्याची ऊर्जा मूलद्रव्यागणिक ठरलेली असते: सिलिकॉनची १.७८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), ऑक्सिजनची ६.१३, लोखंडाची एक ठळक खूण ७.६ च्या आसपास. पोटॅशियम आणि थोरियमला डिवचावंही लागत नाही, ते मुळातच किरणोत्सर्गी. अशी ही वीतभर-हातभर खोलीपर्यंतची झडती, तीही खोदकाम न करता. अडचण एवढीच, की किरण फार थोडे येतात आणि वैश्विक किरणांचा मार खाऊन यान स्वतःही गॅमा किरण सोडत असतं.

या शास्त्राची सुरुवात नामुष्कीची आहे. जानेवारी १९६२ मध्ये असा मापक घेऊन निघालेलं अमेरिकेचं रेंजर-३ चंद्राला सुमारे ३७ हजार किलोमीटरांनी चुकलं. रेंजर-४ काहीही न कळवता चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर आपटलं. रेंजर-५ पुन्हा चुकलं. बाजी मारली सोव्हिएत लूना-१० ने. एप्रिल १९६६ मध्ये चंद्राभोवती फिरताना त्याने कळवलं, की तिथला दगड बेसॉल्टसारखा आहे. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या जातीचा. पुढे अपोलो-१५ आणि १६ ने मापक साडेसात मीटर लांब दांड्याच्या टोकाला बसवला. यानाचा गोंगाट टाळायचा, तर यानापासून लांब जायला हवं.

निअरवर असा दांडा नव्हता. मापक यानाच्या अंगातच, संरक्षक कवचात बसवलेला. कक्षेत असताना इरॉसकडून येणारा संकेत अपेक्षेपेक्षा क्षीण निघाला. जमिनीवर मात्र मापक आणि माती यांत जेमतेम दहा सेंटीमीटर अंतर उरलं. मोहिमेला मुदतवाढ मिळाली आणि सुमारे सात दिवस मोजणी झाली. लघुग्रहाच्या पृष्ठभागावर बसून केलेली ती पहिली गॅमा मोजणी. पोटॅशियमचं प्रमाण साध्या दगडी अशनींशी जुळलं, लोखंड मात्र कमी भरलं. इरॉसवर लोखंड खरोखरच कमी आहे, की त्या जागी मातीतले लोखंडी कण वेगळे होऊन गेले होते? शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच.

नंतर २०११ मध्ये 'डॉन' यानाने व्हेस्टा या लघुग्रहावर हीच पद्धत वापरली आणि पृथ्वीवर सापडलेल्या एका अशनीकुळाशी व्हेस्टाचं नातं पक्कं केलं.

आता पाळी सायकीची. १७ मार्च १८५२ रोजी नेपल्समधून आनिबाले दे गास्पारिस यांनी शोधलेला हा लघुग्रह म्हणजे एखाद्या फुटलेल्या ग्रहाचा उघडा पडलेला लोखंडी गाभा असावा, असं बराच काळ मानलं जाई. वर्तमानपत्रांनी तर त्याची किंमतही लावून टाकली. मग घनता दर घनसेंटीमीटरला ४ ग्रॅमच्या आसपास निघाली. लोखंडाची असते जवळपास ८. आता अंदाज असा, की धातू ३० ते ६० टक्के, बाकी दगड.

हा वाद मिटवायला निकेल उपयोगी पडेल. लोखंडी अशनींमध्ये निकेल असतंच, निदान पाच टक्के तरी. साध्या खडकात ते अगदी नाममात्र. त्याची गॅमा खूण ९ एमईव्हीजवळ सापडते. ती लोखंडाच्या खुणेपासून नीट वेगळी दिसावी म्हणून १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघालेल्या 'सायकी' यानावर जर्मेनियमचा मापक आहे. हा मापक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने बांधला असून तो कडाक्याच्या थंडीतच काम करतो. यावेळी दोन मीटरचा दांडाही दिला आहे. यान सायकीपाशी पोहोचणार ऑगस्ट २०२९ मध्ये. गॅमा मोजणीसाठी मात्र त्याला पृष्ठभागापासून सुमारे ७५ किलोमीटरांवर यावं लागेल.